संगणक सुरू होईना तेव्हा : रिकव्हरी आणि सेफ मोडमधून केलेली तपासणी

बटण दाबले की उत्पादकाचे बोधचिन्ह दिसे, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागे, मग क्षणभर निळा पडदा चमकून जाई आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. निळ्या पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचायलाही सवड मिळत नसे. अशा काही फेऱ्या झाल्यावर विंडोजने स्वतःहून 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा प्रयत्न केला, दुरुस्ती होऊ शकली नाही असे कळवले आणि रिकव्हरीचा मेनू समोर आणून ठेवला. विंडोज ११ वर चालणाऱ्या या संगणकात माझे अनेक वर्षांचे अनुवादाचे काम साठवलेले होते आणि त्यातील अगदी अलीकडचा भाग अजून दुसरीकडे उतरवून झालेला नव्हता.

अशा वेळी सर्वांत सहज मिळणारा सल्ला म्हणजे 'फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाका'. हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. नव्याने विंडोज टाकल्यावर संगणक सुरू होतो खरा, पण तो बंद का पडला होता हे कायमचे अज्ञात राहते, आणि दोष डिस्कमध्ये किंवा मेमरीमध्ये असेल तर तो त्या नव्या विंडोजलाही काही दिवसांनी गाठतोच. सुरू होण्याचे आणि पूर्ववत होण्याचे जे निरनिराळे मोड संगणकात मुळातच दिलेले असतात, त्यांचा खरा उपयोग कारण शोधण्यासाठी आहे, कारण प्रत्येक मोडमध्ये प्रणालीचा ठरावीकच भाग चालवला जातो. संगणक कोणत्या मोडमध्ये उभा राहतो आणि कोणत्या मोडमध्ये कोसळतो एवढ्यावरून दोषाची जागा बरीच आवळत आणता येते. मी त्याच पद्धतीने जायचे ठरवले, आणि क्रमही ठरवून घेतला : आधी केवळ पाहायचे, मग फाइल्स सुरक्षित करायच्या, त्यानंतर जे परत फिरवता येईल असे बदल करायचे, आणि विंडोज नव्याने बसवणाऱ्या 'रीसेट धिस पीसी' या पर्यायाला सर्वांत शेवटी हात लावायचा.

रिकव्हरीचा मेनू दिसला हीच पहिली माहिती होती. विंडोजचे हे रिकव्हरी वातावरण म्हणजे डिस्कच्या एका स्वतंत्र विभागात ठेवलेले छोटेखानी विंडोजच असते. ते मेमरीत उतरवून तिथूनच चालवले जाते, मूळ विंडोजच्या फोल्डरवर ते अवलंबून नसते. लागोपाठ दोनदा मूळ विंडोज सुरू होण्यात अपयश आले की त्यानंतरच्या वेळी संगणक या वातावरणाकडे वळतो. ते व्यवस्थित उघडले, कीबोर्ड आणि माउस चालले, पडदा स्थिर राहिला, याचा अर्थ वीजपुरवठा, प्रोसेसर आणि मदरबोर्ड ढोबळमानाने ठीक आहेत आणि डिस्कचा निदान तेवढा भाग तरी वाचता येतो आहे. पूर्वी एफ८ दाबून हे सारे पर्याय मिळत. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून संगणक इतक्या चटकन सुरू होऊ लागला की ती कळ दाबण्यापुरता अवधीच उरला नाही आणि ती सोय मूळ मांडणीतून निघून गेली. आता चालू विंडोजमधून तिथे जायचे असेल तर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे लागते.

काहीही करण्याआधी मी संगणक बंद केला, कीबोर्ड आणि माउस वगळता यूएसबीला जोडलेली प्रत्येक वस्तू काढली आणि 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' या वाटेने फर्मवेअरच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या, पडद्यावर गेले. तिथे तीन गोष्टी पाहिल्या : डिस्कचे नाव व क्षमता बरोबर दिसते का, सुरू होण्याच्या क्रमात विंडोजचा बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा भाग) पहिला आहे का, आणि तारीख व वेळ बरोबर आहे का. वेळ मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी संपल्याची शंका घेता येते, आणि बॅटरी संपली की फर्मवेअरची मांडणीही मूळपदावर जाऊ शकते. सर्व काही जागेवर होते. केवळ खात्रीचे सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारे सिक्युअर बूट चालू होते, ते मी तसेच राहू दिले. घाईत त्या पडद्यावरचे पर्याय बदलत गेले की मूळ दोषावर आपल्या हाताने एक नवा दोष चढतो आणि मग दोन्ही वेगळे करणे कठीण होऊन बसते.

त्यानंतर आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी, म्हणजे 'कमांड प्रॉम्प्ट', निवडला आणि लगेच डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या, म्हणजे कुलूपबंद ठेवणाऱ्या, विंडोजच्या बिटलॉकरने रिकव्हरी की मागितली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी वातावरणातून तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ही ४८ अंकी किल्ली लागते. पुष्कळ नव्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रथम साइन इन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते, त्यामुळे आपली डिस्क कुलूपबंद आहे हे वापरणाऱ्याला प्रसंग येईपर्यंत ठाऊकही नसते. मी फोनवरून खात्यात जाऊन किल्ली मिळवली, पडद्यावर दाखवलेल्या की-आयडीची सुरुवातीची अक्षरे खात्यातील नोंदीशी जुळवली आणि मगच अंक भरले. खात्यात एकाहून अधिक संगणकांच्या किल्ल्या असतील तर हे जुळवणे फार महत्त्वाचे ठरते. किल्लीच नसेल तर पुढचा रस्ता तिथेच संपतो, आणि ते योग्यच आहे, कारण एन्क्रिप्शनचा हेतूच तो आहे. म्हणूनच संगणक धडधाकट असताना ती किल्ली कागदावर उतरवून ठेवण्याचा मी एवढा आग्रह धरते.

कमांड प्रॉम्प्ट उघडल्यावर समोर एक्स हे ड्राइव्हचे अक्षर दिसले. हा एक्स म्हणजे मेमरीत चाललेले रिकव्हरी वातावरण, आपली डिस्क नव्हे. इथे आणखी एक सावधगिरी लागते. नेहमीच्या विंडोजमधला सी ड्राइव्ह रिकव्हरीमध्ये सी म्हणूनच दिसेल याची शाश्वती नसते, तो डी किंवा ई म्हणूनही येऊ शकतो. डिस्कचे विभाग हाताळणाऱ्या डिस्कपार्टमधली 'लिस्ट व्हॉल्यूम' ही आज्ञा देऊन, आकार आणि नाव पाहून मी विंडोजचा विभाग नक्की केला. मग बाह्य डिस्क जोडली आणि कामाची सारी फोल्डर्स रोबोकॉपी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने तिच्यावर उतरवून घेतली. ज्यांना आज्ञा टाइप करण्याची सवय नाही त्यांच्यासाठी सोपी वाट अशी की, त्याच काळ्या खिडकीत नोटपॅड उघडावे, 'फाइल', 'ओपन' असे जावे, खाली 'ऑल फाइल्स' निवडावे. त्या छोट्या चौकटीतूनही फोल्डरवर उजवी क्लिक करून नक्कल करता येते आणि दुसऱ्या डिस्कवर पेस्ट करता येते.

सर्व फाइल्स विनाअडथळा उतरल्या. कुठे गती मंदावली नाही, वाचनाची चूक आली नाही, आणि डिस्कच्या प्रकृतीबद्दल यातून मला जे कळले ते कोणत्याही चाचणीइतकेच मोलाचे होते. या टप्प्याआधी चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवू नये असे माझे ठाम मत आहे. विशेषतः त्याचा 'स्लॅश आर' हा पर्याय डिस्कवरील प्रत्येक सेक्टर, म्हणजे साठवणीचा प्रत्येक छोटा कप्पा, वाचून पाहतो. डिस्क खरोखरच अखेरच्या घटका मोजत असेल तर ते तासन् तास चालणारे वाचन तिला पुरते संपवू शकते. आधी नक्कल, नंतर दुरुस्ती, हा क्रम उलटवण्याइतकी घाई कधीच नसते.

फाइल्स सुरक्षित झाल्यावर मी 'स्टार्टअप रिपेअर' पुन्हा एकदा स्वतः चालवले. आपोआप झालेला प्रयत्न फसला होता, तरी मला त्याची नोंद वाचायची होती. ही नोंद विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधील 'लॉगफाइल्स' आणि त्यातील 'एसआरटी' या फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते आणि नोटपॅडने वाचता येते. बूटची मांडणी, डिस्कची अवस्था, प्रणालीच्या फाइल्स अशा एकेका चाचणीपुढे ती यशस्वी झाल्याचे लिहिलेले होते. पुष्कळ जण इथे निराश होतात. मला मात्र ती नोंद उपयोगी वाटली. स्टार्टअप रिपेअरचे काम मुख्यतः सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यातील मोडतोड सावरण्याचे आहे, आणि तो टप्पा निर्दोष असेल तर दोष त्याच्यापुढे, म्हणजे विंडोजचा गाभा ड्रायव्हर्स (उपकरणे आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारी छोटी सॉफ्टवेअर) चढवू लागतो तिथे असायला हवा.

आता निळा पडदा वाचायचा होता. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये गेल्यावर संगणक एकदा रीस्टार्ट होतो आणि क्रमांकित पर्यायांची यादी दाखवतो. त्यातील नववा पर्याय बिघाडानंतर आपोआप रीस्टार्ट होणे थांबवतो. सेफ मोडच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पर्यायांइतका तो परिचित नाही, पण सतत फिरत राहणाऱ्या संगणकासाठी आधी याचीच आठवण व्हावी. नऊची कळ दाबताच संगणक पुन्हा त्याच ठिकाणी कोसळला आणि या वेळी निळा पडदा जागचा हलला नाही. स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारे नाव, होता 'सिस्टिम थ्रेड एक्सेप्शन नॉट हँडल्ड', आणि त्याखाली 'व्हॉट फेल्ड' या शब्दांपुढे एका ड्रायव्हरच्या फाइलचे नाव होते. ते नाव विंडोजच्या मूळ फाइल्सपैकी नव्हते. मी पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले. २०२५ पासून विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे. रंग बदलला तरी स्टॉप कोड आणि दोषी ड्रायव्हरचे नाव हेच दोन तपशील त्यावर शोधायचे असतात.

पुढचा टप्पा सेफ मोडचा. चौथा पर्याय निवडला आणि संगणक सरळ साइन इनच्या पडद्यापर्यंत पोहोचला. इथे पिन चालेलच असे नाही, खात्याचा पासवर्ड पाठ असावा लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' ही अक्षरे दिसली तेव्हा माझा अर्धा शोध संपला होता. सेफ मोडमध्ये विंडोज आपला गाभा, अत्यावश्यक सेवा आणि मोजके मूलभूत ड्रायव्हर्स एवढेच चालवते. ग्राफिक्ससाठी साधा मूळ ड्रायव्हर वापरते, आपण बसवलेले बहुतेक ड्रायव्हर्स आणि आपोआप सुरू होणारी सॉफ्टवेअर बाजूला ठेवते. संगणक इथे स्थिर राहतो आणि नेहमीच्या पद्धतीने कोसळतो, याचा अर्थ दोष त्या बाजूला ठेवलेल्या वस्तूंपैकी एकीत आहे. उलट सेफ मोडमध्येही तो कोसळला असता तर मी मेमरी, डिस्क आणि विंडोजच्या मूळ फाइल्स यांच्याकडे वळले असते. तपासणी कोणत्या दिशेने न्यायची हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

सेफ मोडमध्ये 'रिलायबिलिटी मॉनिटर' उघडले. तारीखवार मांडलेल्या त्या आलेखात बिघाडाच्या आदल्या दिवशी एका बॅकअप सॉफ्टवेअरचे अद्ययावतन झाल्याची नोंद होती आणि निळ्या पडद्यावरची फाइल त्याच सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये सापडली. शिवाय बूट लॉगिंग हा दुसरा पर्याय वापरून एकदा नेहमीच्या पद्धतीने सुरू होण्याचा प्रयत्न केला आणि पुन्हा सेफ मोडमध्ये येऊन विंडोजच्या फोल्डरमध्ये तयार झालेली यादी वाचली. कोणता ड्रायव्हर चढला आणि कोणता चढला नाही याची ती ओळीओळीने नोंद असते. कोसळण्याआधीची सर्व नावे तीत उतरतीलच असे नाही, त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. पण तीन वेगवेगळ्या ठिकाणची चिन्हे एकाच फाइलकडे बोट दाखवत असतील तर संशयाला जागा थोडीच उरते.

दोषी फाइल सापडली की ती तत्काळ काढून टाकण्याचा मोह होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतनामुळे जगभरचे संगणक बंद पडले तेव्हा उपाय तोच होता : सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीमध्ये जायचे, त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधील ठरावीक नावाची फाइल काढायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता, आणि त्यांतील असंख्य यंत्रांपाशी कुणीतरी प्रत्यक्ष बसून, बिटलॉकरची किल्ली भरून, हाताने हे करावे लागले. तिथे फाइल काढणे योग्य होते, कारण नेमकी कोणती फाइल काढायची आणि काढल्याने काय होईल हे निर्मात्यानेच सांगितले होते.

माझ्या बाबतीत तशी खात्री नव्हती. बॅकअप सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर्स पुष्कळदा 'फिल्टर' प्रकारचे असतात, म्हणजे डिस्कचा मूळ ड्रायव्हर आणि फाइल्सची व्यवस्था यांच्या मार्गात ते बसतात आणि रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीत, डिस्कच्या वर्गाखाली त्यांचे नाव नोंदलेले असते. नुसती फाइल काढली आणि ती नोंद तशीच राहिली, तर विंडोज नसलेला ड्रायव्हर शोधत बसते, डिस्कपर्यंत पोहोचू शकत नाही आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा नवा स्टॉप कोड देऊन थांबते. मग सेफ मोडही हातचा जाण्याची भीती असते. सॉफ्टवेअर रीतसर अनइन्स्टॉल करावे तर ते विंडोज इन्स्टॉलर सेवेवर अवलंबून होते, आणि ती सेवा सेफ मोडमध्ये मुळात चालत नाही. रजिस्ट्रीत बदल करून ती चालवता येते, पण आधीच आजारी असलेल्या प्रणालीत आणखी एक बदल करायची माझी इच्छा नव्हती.

तेव्हा मी 'सिस्टिम रिस्टोर'कडे वळले. या संगणकावर सिस्टिम प्रोटेक्शन चालू ठेवलेले होते आणि त्या अद्ययावतनाच्या आधीचा रिस्टोर पॉइंट, म्हणजे प्रणालीच्या त्या वेळच्या स्थितीची जपलेली नोंद, यादीत होता. सिस्टिम रिस्टोर आपली कागदपत्रे किंवा छायाचित्रे बदलत नाही. प्रणालीच्या फाइल्स, रजिस्ट्री, ड्रायव्हर्स आणि बसवलेली सॉफ्टवेअर एवढेच ते त्या दिवसाच्या स्थितीत नेते. पुढे जाण्याआधी 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स' हे बटण न चुकता दाबावे. कोणती सॉफ्टवेअर आणि कोणते ड्रायव्हर्स निघून जातील किंवा परत येतील याची यादी ते दाखवते. माझ्या यादीत बॅकअप सॉफ्टवेअर आणि त्याचा ड्रायव्हर एवढेच होते, म्हणजे मला हवे तेवढेच बदलणार होते. हेही लक्षात ठेवावे की सेफ मोडमधून किंवा रिकव्हरीमधून केलेले रिस्टोर नंतर उलटवता येत नाही. नेहमीच्या विंडोजमधून केलेले रिस्टोर उलटवता येते, पण तो मार्ग माझ्यापुढे नव्हता. फाइल्सची नक्कल हाताशी असल्यामुळे मी निश्चिंतपणे पुढे गेले. पुष्कळ वेळ 'रिस्टोरिंग फाइल्स' दाखवल्यानंतर संगणक रीस्टार्ट झाला आणि नेहमीच्या विंडोजमध्ये उघडला.

वारंवार अर्धवट सुरू होऊन कोसळलेल्या प्रणालीत फाइल्सची मोडतोड झालेली असू शकते, म्हणून त्यानंतरची तपासणीही तितकीच गरजेची होती. प्रथम डीआयएसएमची 'रिस्टोर हेल्थ' ही आज्ञा आणि तिच्यानंतर 'एसएफसी स्कॅननाऊ', असा क्रम ठेवला. एसएफसी बिघडलेल्या फाइलच्या जागी विंडोजच्या स्वतःच्या साठ्यातील प्रत आणून ठेवते. तो साठाच बिघडलेला असेल तर ती हतबल ठरते, म्हणून साठा दुरुस्त करणारे डीआयएसएम आधी. एसएफसीला काही फाइल्स बिघडलेल्या आढळल्या आणि तिने त्या दुरुस्त केल्या. चेकडिस्क मी 'स्कॅन' या पर्यायासह चालू विंडोजमध्येच चालवले. त्यात डिस्क बंद ठेवावी लागत नाही. शेवटी विंडोजचे मेमरी डायग्नॉस्टिक रीस्टार्ट करून चालू दिले. दोन्हींत दोष आढळला नाही.

हीच विचारपद्धती दुसऱ्या प्रणालींवरही तशीच लागू पडते. घरातल्या मॅकवर मी ठरावीक काळाने देखभाल करते, तेव्हा सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून घेते. तिथे सुरू होताना डिस्कची प्राथमिक तपासणी होते आणि काही कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स, साफ होतात. इंटेल प्रोसेसरच्या मॅकमध्ये सुरू होताना शिफ्ट आणि रिकव्हरीसाठी कमांड व आर दाबून धरावे लागत. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये त्या जोड्या गेल्या आणि पॉवरचे बटणच पर्याय दिसेपर्यंत दाबून धरावे लागते, मग डिस्क निवडून शिफ्ट दाबले की सेफ मोडचा पर्याय उमटतो. रिकव्हरीतील डिस्क युटिलिटीमध्ये सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून फर्स्ट एड चालवताना आधी व्हॉल्यूम, मग ते ज्यात असतात तो कंटेनर आणि शेवटी मूळ डिस्क असा खालून वर जाणारा क्रम ठेवावा लागतो.

माझ्या विंडोजच्या संगणकासाठी त्या आठवड्यात काही तजविजी केल्या. ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर 'रिकव्हरी ड्राइव्ह' तयार केला. तो बनताना पेनड्राइव्हवरील जुने सारे पुसले जाते आणि आपल्या फाइल्स त्यात घेतल्या जात नाहीत, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. विंडोज सतत बदलत असल्याने तो वर्षातून एकदा नव्याने बनवावा लागतो. बनवून कपाटात न ठेवता त्यावरून संगणक खरोखर सुरू होतो का हे लगेच तपासले, कारण न तपासलेल्या साधनावर विसंबणे मला मान्य नाही. 'रीएजंटसी इन्फो' या आज्ञेने रिकव्हरी वातावरण सक्रिय असल्याची खात्री केली. मोठ्या अद्ययावतनानंतर ते निष्क्रिय झालेले आढळू शकते आणि ऐन वेळी मेनूच उघडत नाही. आणखी एक बारकावा : 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पुसला जात नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे ड्रायव्हर बदलल्यानंतर तो नीट चालतो का हे पाहायचे असेल तर 'रीस्टार्ट'च करावे लागते.

स्टॉप कोडचे छायाचित्र, बूटची यादी आणि विंडोजच्या 'मिनीडंप' फोल्डरमधील कोसळण्याच्या नोंदी मी त्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांकडे पाठवून दिल्या आहेत. त्यांच्याकडून नवी आवृत्ती आली की ती बसवण्याआधी स्वतः एक रिस्टोर पॉइंट तयार करून ठेवणार आहे, आणि तोवर विंडोजच्या 'फाइल हिस्टरी'ने फाइल्सच्या प्रती बाह्य डिस्कवर जात आहेत.